निर्यात प्रोत्साहन धोरणातून देश आर्थिक वाढ कशी साधतात?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत: सरकारे निर्यातीला प्रोत्साहन नेमके कोणत्या मार्गांनी देतात, आणि त्यातून देश खरोखर पुढे जातो की करदात्यांचा पैसा केवळ निर्यातदारांच्या पदरात पडतो. नवी मुंबईतील रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात निर्यातीची कागदपत्रे सांभाळणे हे माझे काम असल्यामुळे दुसऱ्या भागातील शंका माझ्या ओळखीची आहे. आम्ही अनुदानावर जगतो अशी अनेकांची समजूत असते. म्हणून निर्यातदाराला जे दिले जाते त्यापैकी किती मुळात त्याच्याकडूनच घेतलेले असते, हे आधी पाहणे योग्य ठरेल.

आमचा कारखाना स्टेनलेस स्टीलचे व्हॉल्व्ह बनवतो. त्याच्या काही कच्च्या मालावर आयात शुल्क भरावे लागते, यंत्रे ज्या विजेवर चालतात तिच्यावर राज्याचे वीज शुल्क असते, आणि माल न्हावा शेव्याला नेणाऱ्या ट्रेलरच्या डिझेलमध्ये केंद्राचा व राज्याचा असे दोन्ही कर मिसळलेले असतात. देशातील ग्राहकाच्या बिलात हे सगळे बसवता येते. रॉटरडॅमचा ग्राहक मात्र आमचा दर इटलीच्या किंवा कोरियाच्या पुरवठादाराच्या दराशेजारी ठेवून पाहतो, आणि भारतातील डिझेलवरचा कर सोसण्याचे त्याला काहीच कारण नसते. माल निर्यात करावा, कर निर्यात करू नयेत, हे तत्त्व म्हणूनच जगभर मान्य झाले आहे. असा परतावा त्या मालावरील कराच्या बोजापेक्षा अधिक नसेल तोवर जागतिक व्यापार संघटनेचे नियमही त्याला अनुदान मानत नाहीत. सीमाशुल्क अधिनियम, 1962 मधील कलम 75 खालचा ड्रॉबॅक (आयात मालावर भरलेल्या शुल्काचा परतावा), कच्चा माल शुल्काविना आणू देणारे अ‍ॅडव्हान्स ऑथोरायझेशन, निर्यातीवरील आयजीएसटीचा (एकात्मिक जीएसटीचा) परतावा आणि वीज शुल्क व इंधनावरील करांसारखे एरवी परत न मिळणारे कर भरून देणारी, 1 जानेवारी 2021 पासूनची रोडटेप योजना, या सर्वांची जातकुळी एकच आहे.

आयात शुल्काचा फटका एवढ्यावरच थांबत नाही. अर्थशास्त्रज्ञ आबा लर्नर यांनी 1936 मध्ये दाखवून दिले की सरसकट आयात शुल्क आणि सरसकट निर्यात कर यांचा दीर्घकालीन परिणाम सारखाच असतो. आयात अडवली की परकीय चलनाची मागणी घटते, देशी चलन महाग राहते आणि निर्यातदाराच्या हाती डॉलरमागे कमी रुपये पडतात. शिवाय संरक्षित बाजारात विकणे अधिक किफायतशीर झाल्याने भांडवल आणि कुशल माणसे तिकडेच वळतात. स्वातंत्र्यानंतर आपण हाच मार्ग धरला, आणि जागतिक वस्तू निर्यातीतील आपला वाटा 1948 मधील सुमारे 2 टक्क्यांवरून 1990 च्या आसपास जेमतेम अर्ध्या टक्क्यावर आला. यशस्वी ठरलेल्या अनेक देशांनी म्हणूनच सुरुवात चलनाच्या दरापासून केली. दक्षिण कोरियाने 1964 मध्ये डॉलरचा दर 130 वॉनवरून 255 वॉनवर नेला, आणि चीनने 1994 मध्ये दुहेरी विनिमय दर मोडीत काढून एकच, स्वस्त दर ठेवला. भारताने जुलै 1991 मध्ये रुपयाचे अवमूल्यन करताच निर्यातदारांना मिळणारी रोख भरपाई बंद केली. दर वाजवी झाल्यावर रोख मदतीची निकड उरत नाही, हा त्यामागचा हिशेब होता.

कोरियाचे उदाहरण सगळेच देतात, परंतु बहुधा अर्धेच देतात. 1965 नंतर तेथे साधारण कर्जाचा व्याजदर 26 टक्क्यांच्या घरात असताना निर्यात कर्ज सुमारे साडेसहा टक्क्यांनी मिळत असे, आणि परदेशी ग्राहकाचे लेटर ऑफ क्रेडिट (एलसी, म्हणजे पैसे देण्याची त्याच्या बँकेची हमी) बँकेत दाखवले की ते जवळजवळ आपोआप मंजूर होई. बाजारपेठा शोधण्यासाठी 1962 मध्ये कोट्रा ही संस्था स्थापन झाली होती. हा झाला देण्याचा भाग. घेण्याचा भाग असा की राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही स्वतः दरमहा निर्यात बैठक घेत, उद्योगांना ठरवून दिलेल्या लक्ष्यांचा तेथे आढावा होई, आणि मागे पडणाऱ्याला पुढील सवलती मिळणे अवघड जाई. 1964 मध्ये 10 कोटी डॉलरवर पोहोचलेली निर्यात 1977 मध्ये 1000 कोटी डॉलरवर गेली. कामगार संघटनांची मुस्कटदाबी आणि मोजक्या घराण्यांच्या हाती एकवटलेले कर्ज ही या व्यवस्थेची दुसरी बाजू होती. त्या कर्जाचे ओझे 1997 च्या संकटात उघड्यावर आले.

अट आपल्याकडेही असते. निर्यातीसाठी यंत्रसामग्री आणू देणाऱ्या ईपीसीजी योजनेखाली शुल्काविना यंत्र आणले तर वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करावी लागते, म्हणजे सीएनसी यंत्रावरील 10 लाख रुपये वाचले तर 60 लाखांची निर्यात, आणि तीही आधीच्या तीन वर्षांची सरासरी राखून. फरक असा की सोलमध्ये महिन्याच्या महिन्याला विचारणा होत असे, तर आपल्याकडे मुख्य झाडाझडती होते ती मुदत संपत आल्यावर, जेव्हा यंत्र जुने झालेले असते आणि ज्याने ते मागवले तो कर्मचारी बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो.

कोरियाइतकी कर्ती नोकरशाही नसलेल्या देशाला काय जमू शकते, याचे उत्तर मला बांगलादेशात अधिक स्पष्ट दिसते. 1970 च्या दशकाअखेरीस, अमेरिकेच्या कापड कोट्याने हात बांधले गेलेल्या कोरियाच्या देवू कंपनीने तेथील देश गारमेंट्सशी करार केला आणि देश गारमेंट्सचे 130 कर्मचारी पुसानच्या कारखान्यात शिकण्यासाठी गेले. त्यांतील बहुतेक जण पुढे देश गारमेंट्स सोडून इतर कारखान्यांत गेले किंवा स्वतःचे कारखाने काढून बसले. त्या कंपनीचे नुकसान झाले आणि राष्ट्राचा उद्योग उभा राहिला. सरकारने त्याला दोन साध्या सोयींची जोड दिली. पहिली बाँडेड वेअरहाउसची, ज्यात निर्यातीसाठीचे कापड शुल्काविना उतरवता येई. दुसरी बॅक-टू-बॅक एलसीची: परदेशी ग्राहकाच्या मूळ एलसीच्या तारणावर बँक कापड पुरवठादाराच्या नावे दुसरी एलसी उघडते, त्यामुळे खिशात फारसे भांडवल नसलेला मनुष्यही मोठी ऑर्डर घेऊ शकतो. तिजोरीतून यात जवळजवळ काहीच जात नाही. आज त्या देशाच्या वस्तू निर्यातीत तयार कपड्यांचा वाटा 80 टक्क्यांहून अधिक आहे. एवढे परावलंबन धोक्याचे खरेच, पण तो वेगळा विषय झाला.

आपले दुखणे योजनांच्या संख्येत नाही, त्यांच्या स्थैर्यात आणि वेळेत आहे. कांद्याचेच पाहा. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लागले, डिसेंबरमध्ये थेट बंदी आली, मे 2024 मध्ये बंदी उठवताना टनाला 550 डॉलरची किमान किंमत आणि 40 टक्के शुल्क ठेवण्यात आले, आणि शुल्क पुरते हटायला 1 एप्रिल 2025 उजाडला. एवढ्या काळात दुबई किंवा कोलंबोचा आयातदार दुसरा पुरवठादार शोधतो आणि नंतर भावात सूट दिल्याशिवाय परत येत नाही. सेझची, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांचीही, गत अशीच झाली. 1965 मध्ये कांडल्याला आशियातील पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र काढणाऱ्या देशाने 2005 मध्ये सेझ कायदा केला, करसवलती देऊन गुंतवणूकदार बोलावले आणि 2011 च्या अर्थसंकल्पात त्यांच्यावर किमान पर्यायी कर (करसवलत असलेल्या कंपनीलाही नफ्यावर भरावा लागणारा कर) बसवला. आमच्या शेजारच्या उरण, पनवेल, पेण तालुक्यांतील महामुंबई सेझ तर त्याआधीच जमिनीच्या प्रश्नावर अडला. 2008 मध्ये 22 गावांत मतदान घ्यावे लागले आणि तो प्रकल्प कधीच उभा राहिला नाही.

वेळेचा मुद्दा कागदपत्रांच्या टेबलावरून अधिक नीट दिसतो. जहाज सुटल्यावर शिपिंग लाइनला ईजीएम, म्हणजे जहाजात काय चढले याची यादी, सीमाशुल्क यंत्रणेत भरावी लागते. तिच्यातील कंटेनर क्रमांक आणि नगांची संख्या आमच्या शिपिंग बिलाशी (निर्यातीसाठी सीमाशुल्क खात्याला दिलेल्या घोषणापत्राशी) जुळली तरच ड्रॉबॅक आणि आयजीएसटी परतावा सुटतो. एकदा आमच्या बिलात पेट्या मोजलेल्या होत्या आणि लाइनने पॅलेट मोजले होते. माल ग्राहकाकडे पोहोचला, पैसेही आले, आणि परतावा मात्र सीएचए (सीमाशुल्काचे काम पाहणारा आमचा दलाल) व लाइन यांच्या पत्रव्यवहारात अडकून पडला. दरम्यान बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावरील व्याज आम्ही भरतच होतो. अशा व्याजात परताव्याचा काही भाग विरून जातो आणि ते नुकसान कोणत्याही योजनेच्या आकडेवारीत दिसत नाही.

सरकारशिवाय होऊच शकणार नाही असे काम पाहायचे असेल तर वाशीला जावे. अमेरिकेने 2007 मध्ये भारतीय आंब्याला पुन्हा दार उघडले ते विकिरणाच्या, म्हणजे किडींविरुद्ध फळावर किरणांचा मारा करण्याच्या, अटीवर; फळाला किमान 400 ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा द्यावी लागते आणि अमेरिकी कृषी खात्याचा निरीक्षक तेथे हजर असावा लागतो. राज्य कृषी पणन मंडळाचे तसे केंद्र वाशीला आहे. देवगडच्या एकट्या बागायतदाराने किंवा एपीएमसीतील एकट्या व्यापाऱ्याने वॉशिंग्टनशी ही बोलणी केली नसती, आणि केली असती तरी उघडलेल्या बाजाराचा लाभ त्याच्या स्पर्धकांनी फुकट घेतला असता. युरोपीय संघाने कीड सापडल्यामुळे मे 2014 मध्ये हापूस बंद केला, तेव्हा तो 2015 च्या हंगामाआधी पुन्हा सुरू झाला तोही अनुदानामुळे नव्हे, तपासणी आणि प्रक्रियेची व्यवस्था सुधारून दाखवल्यामुळे.

आता करदात्यांच्या पैशाविषयी. भरलेल्या करापेक्षा अधिक देणाऱ्या योजनाही असतात, आणि तेथे आपली शंका रास्त आहे. रोडटेपच्या आधीची एमईआयएस योजना निर्यात मूल्याच्या ठराविक टक्क्यांची स्क्रिप (आयात शुल्क भरण्यासाठी वापरता किंवा विकता येणारे पत्र) देत असे, मग त्या मालावर कर किती बसला होता याचा संबंध असो वा नसो. अमेरिकेने तक्रार केली, ऑक्टोबर 2019 मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने ती नियमबाह्य ठरवली, आणि भारताने अपील केले तरी योजना अखेर गुंडाळावीच लागली. स्क्रिपच्या काळात ग्राहकही हिशेब जाणून असत आणि वाटाघाटीत तेवढी सूट बिनदिक्कत मागत. त्यामुळे आपल्या तिजोरीतील काही रक्कम परदेशी खरेदीदाराच्या खिशात जात होती असे माझे मत आहे.

राहिला प्रश्न निर्यातीमुळे वाढ होते की वाढणारेच निर्यात करतात याचा. निर्यात करणाऱ्या कंपन्या इतरांपेक्षा सरस असतात हे खरे, पण अनेक देशांतील अभ्यासांतून असे दिसले आहे की त्या निर्यात सुरू करण्याआधीपासूनच सरस होत्या. कोरिया आणि तैवानची वाढ मुळात गुंतवणुकीने घडवली, निर्यात तिच्यामागून आली, असे अर्थशास्त्रज्ञ दानी रॉड्रिक यांनी मांडले आहे. आमच्यापुरते सांगायचे तर युरोपीय ग्राहकाने प्रत्येक व्हॉल्व्हसोबत 3.1 प्रमाणपत्र (धातूच्या चाचणीचे निकाल देणारे) मागेपर्यंत कास्टिंगचा हीट नंबर (धातू वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक) शेवटच्या तपासणीपर्यंत टिकवण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती. एकदा ती बसल्यावर देशातील रिफायनऱ्यांच्या ऑर्डरही त्याच नोंदींवर मिळू लागल्या. पण ती मागणी पुरी करू शकणारा तपासनीस आमच्याकडे आधीपासून होता, आणि शेजारच्या गाळ्यातील कारखान्याकडे तो नसल्याने त्याच योजना उपलब्ध असूनही त्याची निर्यात कधी सुरू झाली नाही.