प्लेअर भलतीकडेच निघाले तर? नव्या डीएमला उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डीअँडडीची, म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून गोष्ट रचायच्या खेळाची, पाचवी आवृत्ती डीएम (जग आणि बाकीची पात्रं सांभाळणारा) म्हणून चालवताय, चार प्लेअर, त्यातले दोघं पहिल्यांदाच खेळताहेत. तुम्ही राज्याचा तीनशे वर्षांचा इतिहास लिहिलात, गावच्या पाटलाची मुलगी पळवणाऱ्या पंथाचं कारस्थान रचलंत, आणि मंडळी पाटलाकडे फिरकलीच नाहीत. नदीपलीकडचा पडका मनोरा, जो तुम्ही वर्णनाच्या भरात सहज बोलून गेलात, तिकडे नावाड्याला पैसे देऊन निघाली. तुम्ही सेशन, म्हणजे त्या दिवसाची बैठक, तिथेच थांबवलंत. आता विचारताय की त्यांना परत कसं आणायचं, कुठली पुस्तकं विकत घ्यायची, आणि एक प्लेअर तोंडच उघडत नाही त्याचं काय करायचं.

परत आणायचंच नाही. जाऊ द्या मनोऱ्याकडे. आपल्याला कशात रस आहे हे प्लेअरनी तुम्हाला न विचारता सांगून टाकलंय. पाटलाच्या ओसरीवर बसून काम मागण्यापेक्षा त्यांना स्वतः हेरलेली जागा बघायची आहे. आणि तीनशे वर्षांच्या इतिहासातलं टेबलावर येतं किती? फार तर थडग्यावरचं एखादं नाव. लिहायला मजा येत असेल तर जरूर लिहा, मीही लिहितो, पण तो आपला वेगळा छंद झाला. सेशनच्या तयारीत तो धरू नका.

तयारी म्हणजे माझ्या लेखी दोन प्रश्नांची उत्तरं. कोणाला काय हवंय, आणि प्लेअर मध्ये पडले नाहीत तर पुढे काय होईल. पंथाला ती मुलगी अमावस्येच्या विधीसाठी हवी आहे, ठीक. एका कागदावर वर्तुळ काढा आणि त्याचे सहा भाग करा. २०१७ साली आलेल्या 'ब्लेड्स इन द डार्क' या अशाच दुसऱ्या खेळात जॉन हार्परने अशी घड्याळं फार छान वापरली आहेत आणि ती कुठल्याही खेळात चालतात. प्लेअरनी रात्रभर विश्रांती घेतली की एक भाग रंगवा. दुसरा भाग भरला की देवळातली घंटा चोरीला जाते. चौथ्याला नावाडी दिसेनासा होतो आणि त्याची होडी काठावर उलटी सापडते. सहाव्याला विधी पूर्ण. मंडळी मनोऱ्यात रमली तरी गाव थांबून राहत नाही, आणि ती परत येतील तेव्हा घंटा नसलेलं देऊळ त्यांना दिसेलच. घड्याळ उघडं ठेवायचं की लपवायचं यावर डीएम लोकांत वाद आहेत. मी उघडं ठेवतो. चौथा भाग रंगवताना टेबलावर जी कुजबुज सुरू होते, ती माझ्या कुठल्याही भीतिदायक वर्णनाने आजवर झालेली नाही.

आता मनोरा. तिथे मुलीचा माग लागलाच पाहिजे असं नाही, पण लागू शकला पाहिजे. डीएमसाठी लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांचा एक नियम आहे: प्लेअरनी जो निष्कर्ष काढावा असं तुम्हाला वाटतं, त्याकडे नेणारे किमान तीन धागे ठेवा. कारण एखादा त्यांना दिसणार नाही, एखाद्याकडे ते दुर्लक्ष करतील आणि एखाद्याचा भलताच अर्थ लावतील. समजा मुलगी जुन्या चुन्याच्या भट्टीत डांबलेली आहे. मग नावाड्याच्या होडीच्या तळाशी पांढरी भुकटी सांडलेली असू दे. विचारलं तर तो सांगेल की परवा रात्री एका गिऱ्हाइकाने दुप्पट पैसे देऊन कंदील विझवायला लावला. मनोऱ्याच्या वरच्या खोलीत हिशेबाची वही. त्यात भट्टीवर रोज चार माणसांचं जेवण पोचवल्याची नोंद, आणि गेल्या तीन दिवसांपासून चाराच्या जागी पाच. तिसरा धागा म्हणजे मनोऱ्यात लपलेल्या एखाद्याच्या हातांवर चुन्याने भाजल्याचे डाग. यात पाटील कुठेही लागला नाही बघा. डीएमसाठीच्या 'स्लाय फ्लरिश' या संकेतस्थळाचे माइक शे याच्याही पुढे जातात. दर सेशनसाठी दहा गुपितं लिहून ठेवा, पण ती कुठे सापडतील हे ठरवू नका, असं ते सांगतात. दहा मला जड जातात, पाच-सहात माझं भागतं.

मनोऱ्यात कोण राहतं हे अजून तुम्हालाही ठाऊक नसेल. त्यासाठी जुन्या डीअँडडीतला एक नियम उचला: प्रतिक्रियेचा फासा. राक्षस भेटला की तलवारी उपसण्याआधी दोन सहा-बाजूंचे फासे टाकायचे. २ आले तर सरळ हल्ला, ३ ते ५ वैर, ६ ते ८ संभ्रम, ९ ते ११ म्हणजे लढायची इच्छा नाही, बोलणी होऊ शकतात, आणि १२ आले तर चक्क दोस्ती. १९८१ च्या बेसिक संचात हा तक्ता आहे. ३६ शक्यतांपैकी १६ मधल्या संभ्रमाच्या आहेत आणि थेट हल्ल्याची फक्त एक. म्हणजे राक्षस दिसला की लढाई हे समीकरण पहिल्या सेशनपासूनच मोडतं.

याचा खरा फायदा डीएमला होतो. माझ्या एका खेळात पुलावर सहा गॉब्लिन (बुटके राक्षस) होते. मी लढाईची तयारी करून बसलेलो, आणि फासा पडला १०. आता पहाऱ्यावरच्या गॉब्लिनना लढायचं का नसेल? जागच्या जागी सुचलं की त्यांचा एक साथीदार विहिरीत पडलाय आणि त्यांच्याकडे दोर नाही. पन्नास फूट दोर प्रत्येक कॅरेक्टरच्या, म्हणजे प्लेअरच्या पात्राच्या, सामानात लिहिलेला असतो आणि कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट) संपेपर्यंत कोणी तो सोडत नाही. त्या दिवशी सुटला. ओला गॉब्लिन वर आला, आधी शिंकला, मग त्याने आपल्या टोळीच्या म्होरक्याच्या नावाने शिव्यांची लाखोली वाहिली, आणि पुढे कॅम्पेनभर तो यांचा वाटाड्या होता. हे मी घरी बसून कधीच लिहिलं नसतं. याच्याच जोडीला धैर्याचा फासाही घ्या: पहिला साथीदार पडला की किंवा निम्मे गारद झाले की राक्षस पळतात का, ते बघायचं. लढाया निम्म्या वेळात आटपतात आणि पळालेला गॉब्लिन पुढच्या सेशनला उपयोगी पडतो.

नकाशाचं बोलू. नव्या डीएमचं डन्जन (प्लेअर धुंडाळतात ती भुयारं, तळघरं) बहुतेकदा आगगाडीच्या डब्यांसारखं असतं, एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. जेनेल जॅक्वेज यांनी १९७९ साली 'केव्हर्न्स ऑफ थ्रेशिया' हे डन्जन रचलं. आत शिरायच्या एकाहून अधिक जागा, फिरून पुन्हा तिथेच आणणाऱ्या वाटा, वरखाली जाणारे अनेक मार्ग. अशा नकाशाचा नमुना म्हणून ते आजही दाखवतात. पण तुम्ही पुण्याचे आहात म्हणता, तर राजगड चढला असालच. पाली दरवाजाची रुंद, पायऱ्यांची वाट. गुंजवण्याकडून कातळावरून थेट पद्मावती माचीवर काढणारा चोरदरवाजा. गुंजवणे दरवाजा वेगळा, संजीवनी माचीकडचा अळू दरवाजा वेगळा. तीन माच्या तीन दिशांना पसरलेल्या आणि मधोमध उंच बालेकिल्ला, ज्याची वाट पुन्हा निराळी आणि छातीवरची. सुवेळा माचीवर कातळाला आरपार नेढं. आता यात प्लेअर सोडा. एक गट पाली दरवाजावर पहारेकऱ्यांशी हुज्जत घालतोय, दुसरा काळोखात चोरदरवाजाचा कातळ चढतोय, आणि बालेकिल्ल्यावरून दोघंही दिसू शकतात. ट्रेकचा नकाशा घ्या, नावं बदला, माच्यांवर वेगवेगळ्या टोळ्या बसवा. तुमच्या मनोऱ्यालाही निदान दोन वाटा द्या: एक दार, आणि नदीच्या अंगाने कोसळलेली भिंत.

राक्षसही बाहेरूनच आणले पाहिजेत असं नाही. आपल्याकडच्या भुतांना नियम असतात, आणि डीएमला नेमके तेच हवे असतात. मुंजा पिंपळावर. गिऱ्हा पाण्याकाठी. वेताळाची स्वारी अमावस्येच्या रात्री मशाली घेऊन निघते. राखणदार आपली हद्द सोडत नाही, पण मान दिला नाही तर आडवा येतो. मला सगळ्यात आवडतो तो चकवा. जंगलात रात्री चालताय, आणि तोच वाकडा आंबा तिसऱ्यांदा समोर. याला शक्तीचे आकडे लागत नाहीत आणि तलवारीने तो मरत नाही. प्लेअरना इतकंच कळू द्या की चालत राहिलं तर वाट सापडत नाही. जागीच बसून उजाडायची वाट बघितली तर सुटका होते, पण घड्याळाचा एक भाग भरतो. बसायचं की चालायचं यावर मंडळी अर्धा तास भांडतात.

पुस्तकं. तूर्तास काहीही विकत घेऊ नका. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम एसआरडी ५.१ या नावाने जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सगळ्यांना खुले आहेत. बिहोल्डरसारखे काही खास राक्षस त्यात नाहीत, बाकी सुरुवातीला पुरून उरेल एवढं आहे. श्रेय दिलंत तर त्याचं मराठी करून छापायलाही मुभा आहे, कोणीतरी मनावर घ्यायला हवं. नवख्या दोघांना कॅरेक्टर शीटचीच (पात्राचे आकडे लिहायच्या कागदाची) धास्ती वाटत असेल तर योखाई गॅल यांचा 'केर्न' हा खेळ बघा. फुकट आहे, थोडक्यात आहे, आणि कॅरेक्टर बघता बघता तयार होतं. नकाशांसाठी डायसन लोगोसचे हातांनी काढलेले नकाशे आणि वाताबूची जनरेटरं, ज्यात एका क्लिकसरशी अख्खं शहर किंवा डन्जन मिळतं. खोल्यांत काय आहे हे जनरेटर सांगतो तेवढं मात्र बदला, ते पाणचट असतं. कोणी परगावी गेला तर आउलबेअर रोडिओ हे ऑनलाइन नकाशा-टेबल ब्राउझरमध्येच चालतं. मिनिएचरवर (पात्रांच्या छोट्या मूर्तींवर) पैसे घालवायची घाई नको. आलेखाची वही आणि कॅरमच्या सोंगट्या, एक चौकोन पाच फुटांचा, झालं.

एनपीसींचा, म्हणजे डीएमने रंगवायच्या पात्रांचा, आवाज काढताना एक पथ्य पाळा. गॉब्लिनना किंवा चोरांना ग्रामीण बोली आणि एल्फांना शुद्ध पुणेरी, ही सवय फार लवकर लागते. टेबलावरच्या कोणाच्या तरी घरी आजी तीच बोली बोलत असते. प्रत्येक पात्राला एक हवं असलेलं काही आणि एक लकब द्या: नावाडी बोलताना सतत ढगांकडे बघतो. तेवढ्यावर तो वर्षभर लक्षात राहतो. आणि मुलगी पळवणं, बळी देणं असले विषय आणताय, तर पुढच्या सेशनआधी दहा मिनिटं काढून कोणाला काय नको आहे ते विचारून घ्या. जॉन स्टावरोपुलोस यांचं एक्स-कार्ड त्यासाठीच आहे: फुलीचं कार्ड मधोमध ठेवायचं, कोणी त्याला हात लावला की तो प्रसंग वगळायचा, कारण विचारायचं नाही.

राहिला तुमचा गप्प प्लेअर. आधी हे बघा की तो कंटाळलाय की नुसता शांत आहे. काहींना ऐकण्यातच मजा येते आणि दर रविवारी ते वेळेवर हजर असतात. त्यांना बोलतं करायच्या फंदात पडू नये. पण संधी मिळत नाही म्हणून गप्प असेल, तर त्याच्याकडे नकाशा काढायचं काम द्या. नकाशा ज्याच्या हातात, त्याला सगळे विचारतात की डावीकडची वाट कुठे जात होती. आणि "तू काय करतोस?" असा मोकळा प्रश्न त्याला टाकू नका, त्याने माणूस गोठतो. "होडी डचमळली, तू नावाड्याला धरतोस की कंदिलाला?" असं विचारा. उत्तर एका शब्दाचं आलं तरी चालेल, त्याचा परिणाम मात्र लगेच दाखवा.