ओंटारिओच्या गोल्फ कोर्सवर हिवाळ्याची तयारी: गोव्याहून निघण्याआधी

गोव्यात कावेलोशीच्या रिसॉर्टात ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) सांभाळलेत, आता सप्टेंबरमध्ये कॅनडातल्या ओंटारिओत रुजू व्हायचंय. तर थंडीची तयारी म्हणजे नेमकं काय करतात आणि बर्फ पडल्यावर नोकरी राहते का, असं तू विचारलंयस.

थंडीची धास्ती घेऊ नकोस. इथे ग्रीनवर आपलं बर्म्युडा किंवा पास्पालम, म्हणजे उष्ण हवेतलं गवत, नसतं. बेंटग्रास असतं, आणि त्यात आपणहून घुसलेलं पोआ. दोन्ही थंड हवेतलीच गवतं, त्यांचा खरा वैरी साचलेलं पाणी. खोलगट जागी पाणी राहून बर्फाचा थर बसला की खाली हवा पोचत नाही आणि गवत गुदमरतं. पोआ आधी जातं, बेंट बरंच जास्त तग धरतं. मार्चमध्ये दिवसा बर्फ वितळतो, कोंब पाणी पितात, रात्री पुन्हा गोठतं आणि पेशी फुटतात. म्हणून शरदातलं निम्मं काम आपल्या मिरगाआधीच्या कामासारखंच: ग्रीनवरचं पाणी कुठून उतरणार ते बघायचं, कडेला वाळू साचून बांध झाला असेल तर तो कापायचा. ते तुला कुणी शिकवायला नको.

थंडी वाढू लागली की गवताच्या कापणीची उंची साधारण 3 मिलिमीटरवरून हळूहळू 4-5 वर नेतात, नत्राचं खत आवरतं घेतात, मातीत भोकं पाडतात. खेळ बंद झाला की कोंब झाकतील इतकी वाळू टाकतात. बर्फाखाली येणाऱ्या बुरशीसाठी औषध अगदी शेवटी, पक्का बर्फ बसण्याआधी. ओंटारिओत 2009 पासून शोभेच्या हिरवळीवर रासायनिक औषधांना बंदी आहे. गोल्फला सूट आहे, पण अटींसह. कुणी घाई केली तरी परवान्याशिवाय फवारणीचा पंप हातात घेऊ नकोस.

आपल्याकडे दिवाळीत नरकासुर जाळतात त्या सुमारास इथे ग्रीनला पाणी देणारे पाइप रिकामे करतात. भाड्याचा मोठा कंप्रेसर लावून एकेक स्प्रिंकलर उघडायचा. आधी धार येते, मग खोकल्यासारखे शिंतोडे, मग धुकं, शेवटी नुसती हवा. हवा आली की लगेच बंद कर. कोरडं फिरत राहिलं की आतली प्लास्टिकची चाकं तापून जातात. आणि थेंबभर पाणी राहिलं तर गोठून व्हॉल्व्ह तडकतो, ते कळतं एप्रिलमध्ये. या कामाला माझ्या मते सर्वात जास्त डोकं लागतं. बिनडोक घाई केलेली इथे लपत नाही. सकाळी दव गोठलेलं असताना मात्र ग्रीनवर पाऊल टाकायचं नाही, प्रत्येक पाऊल काळं उमटतं.

जानेवारी-फेब्रुवारीत ग्रीनमधून गोठलेली ढेकळं काढून आणतात आणि उबेत खिडकीशी ठेवतात. आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवं फुटलं तर ठीक. नाही फुटलं तर वसंतात पेरणी करावी लागणार हे आधीच कळतं.

नोकरीचं: बरेच कोर्स डिसेंबरच्या आत हंगामी माणसांना मोकळं करतात, कार्यशाळेत मोअरच्या (गवत कापायच्या यंत्राच्या) पात्यांना धार लावायला मोजकेच ठेवतात. आपली गोव्याची मंडळी पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला जायची, तिथे हिवाळ्यातही तात्पुरत्या ग्रीनवर खेळ चालू असतो; इथे तसं नाही. तुझं वर्क परमिट एकाच मालकाच्या नावावर असेल, तर मधल्या चार महिन्यांत दुसरीकडे काम करता येणार नाही. कागदावर सही करण्याआधी काम बारमाही की हंगामी, हिवाळ्यात राहायची सोय कुणाची, हे लेखी माग.