वाचकांचे प्रश्न : रस्ता बदलला, दुकानाचं काय?

प्रश्न : नागपूरच्या मानेवाडा भागात आमचं किराणा दुकान आहे. समोरचा दुभाजकाचा कट बंद झाला. पलीकडच्या गिऱ्हाइकाला आता पुढच्या चौकातून फिरून यावं लागतं. धंदा पडला. कट उघडून द्या, असा अर्ज करावा का?

अर्ज जरूर करा. पण फक्त ‘कट उघडा’ एवढंच लिहाल, तर तो फेटाळला जाण्याची शक्यता जास्त. कट का बंद होतात ते आधी पाहू.

कारला एका दमात उलटं वळायला साधारण 10 ते 11 मीटर जागा लागते. दुभाजकाला चिकटून उभ्या कारची डावी चाकं दुभाजकापासून सुमारे 2 मीटरवर असतात. त्यात 1 मीटरचा दुभाजक आणि पलीकडचा 7 मीटरचा रस्ता धरला की कसेबसे 10 होतात. पलीकडे कडेला गाड्या लावलेल्या असल्या की त्यातले 2 मीटर गेले. मग कार अर्ध्यात अडकते, रिव्हर्स घेते, आणि दोन्हीकडची वाहनं खोळंबतात. अपघात होतो तो याच घडीला.

म्हणून आधी मोजणी करा. एक कामाचा दिवस आणि एक रविवार घ्या. संध्याकाळी 6 ते 9 वहीत तीन रकाने आखा : पायी, दुचाकी, कार. किराण्याचं बरंचसं गिऱ्हाईक पायी किंवा दुचाकीवर येतं. तुमच्याकडे पायी येणारे जास्त निघाले, तर वाहनांचा कट नको, पायी ओलांडायची वाट मागा. ही मागणी मान्य करणं अधिकाऱ्यांनाही सोपं जातं.

वाट कशी हवी, तेही अर्जात लिहा. दुभाजकात सरळ फट ठेवली आणि मधे खांब रोवले, तर काही उपयोग नाही. व्हीलचेअरला किमान 90 सेंटीमीटर लागतात, आणि तेवढ्यातून मोटारसायकल आरामात निघते. आठवडाभरात तो दुचाक्यांचा शॉर्टकट होतो. दुभाजक रुंद असेल तर वाट नागमोडी करून घ्या : अलीकडून आत शिरायचं, रेलिंगच्या मधून काही पावलं आडवं चालायचं, मग पलीकडे उतरायचं. चालणारा माणूस येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालेल, अशा दिशेने ती वळवा. दोन्ही बाजूंना झेब्रा पट्टे आणि दिवा हवाच. अरुंद दुभाजकात हे बसत नाही. तिथे सिग्नलजवळची वाट मागा.

दुसरी मागणी माल उतरवण्याच्या जागेची, आणि दुकानदार नेमकी हीच विसरतात. छोटा हत्ती उभा करून मागचा फाळका उघडायला 6 मीटर लांब आणि 2.5 मीटर रुंद पट्टा पुरतो. तेवढा पट्टा सकाळी 7 ते 10 मालासाठी आणि उरलेला दिवस गिऱ्हाइकांच्या पार्किंगसाठी, असं लिहून मागा. चार-पाच दुकानांत मिळून एकच पट्टा मागितलात तर जोर येतो. तो मिळाला नाही तर गाडी भर रस्त्यात उभी राहते आणि चालान तुमच्या पुरवठादाराच्या माथी बसतं.

अर्ज कोणाकडे द्यायचा? नागपुरात एकाच मोहल्ल्यातले रस्ते मनपा, नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र), सार्वजनिक बांधकाम खातं, नाहीतर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण अशा वेगवेगळ्यांच्या ताब्यात असू शकतात. रस्ता कोणाचा, ते आधी मनपाच्या झोन ऑफिसात विचारा. दुभाजक ज्याचा रस्ता त्याचा. एकेरी वाहतूक आणि पार्किंगबंदी वाहतूक पोलिसांकडे. दोघांनाही एकेक प्रत द्या आणि पोच घ्या. वाहनांवरचा निर्बंध महिन्याहून जास्त चालणार असेल, तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 नुसार तो राजपत्रात यावा लागतो. त्या अधिसूचनेची प्रत मागून घ्या.

प्रश्न : नंदनवनमध्ये आमच्या गल्लीचा सिमेंट रोड होणार आहे. दुकानात पाणी शिरेल का?

जुना डांबरी थर न खोदता त्यावरच काँक्रीट टाकलं तर शिरेल. 20 सेंटीमीटरचा थर म्हणजे जवळपास एक पायरी. शिवाय रस्त्याला मधून कडेकडे 2 टक्के उतार दिला, तर 7 मीटर रुंदीत मधला भाग कडेपेक्षा 7 सेंटीमीटर उंच राहतो, आणि तुमच्याकडच्या अर्ध्या रस्त्याचं पाणी तुमच्या बाजूला येतं.

काम सुरू व्हायच्या आधी साइटवरच्या इंजिनिअरला तयार रस्त्याची उंची विजेच्या खांबावर ऑइल पेंटने मारून द्यायला सांगा. मग गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब घ्या. एक टोक त्या खुणेला, दुसरं दुकानाच्या उंबऱ्याला. नळीत बुडबुडा राहू देऊ नका. एवढ्याशा बुडबुड्याने माप चुकतं. उंबरा खुणेपेक्षा खाली निघाला, तर आधी खोदा, मग टाका, अशी लेखी हरकत त्याच दिवशी द्या. काँक्रीट पडल्यावर तुमच्या हातात फक्त नाली आणि रॅम्प उरतो. रॅम्प स्वतःच्या हद्दीत घ्या. तो नालीवर आला की नाली साफ होत नाही आणि पहिल्याच पावसात तुंबते.

काँक्रीटला पूर्ण ताकद यायला 28 दिवस धरतात, त्यातले पहिले 14 दिवस ते ओलं ठेवावं लागतं. दुकान चालू राहावं म्हणून अर्धी-अर्धी बाजू करायला सांगा. वेळ दुप्पट जातो, पण वाट बंद होत नाही.

प्रश्न : सीताबर्डीजवळ संत्र्याचा ठेला आहे. रस्त्याची आखणी बदलल्यामुळे हटायला सांगताहेत.

पथविक्रेता अधिनियम 2014 नुसार हटवण्याआधी 30 दिवसांची नोटीस लागते. तोंडी सांगितलं तर नोटीस लेखी मागा. माल उचलला तर सामानाची यादी घेतल्याशिवाय जागचे हलू नका. तुम्ही मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी परत द्यायचा असतो, आणि संत्री नाशवंतच आहेत. नव्या जागेचा निर्णय शहर पथविक्रेता समितीतून जातो. तिथे किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात, त्यांना आजच गाठा.

प्रश्न : मुख्य रस्ता एकेरी झाल्यापासून गाड्या आमच्या गल्लीतून सुसाट जातात. आम्हीच ब्रेकर बांधला तर?

नका बांधू. मापाचा ब्रेकर गाडी जायच्या दिशेने 3.7 मीटर लांब आणि फक्त 10 सेंटीमीटर उंच असतो, म्हणून गाडी हळू होते पण आदळत नाही. हाताने घातलेला ब्रेकर बहुतेक वेळा अरुंद आणि टोकदार होतो. रात्री दुचाकीवाला पडतो, रुग्णवाहिकेतला रुग्ण उसळतो. गल्लीच्या दोन्ही तोंडांना मापाचे, पांढरे पट्टे मारलेले ब्रेकर झोन ऑफिसातून मंजूर करून घ्या.