परत आलेल्या आठ गोळ्या

रावेर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. यजमानांचं कृषी केंद्र. गेल्या वर्षी बियाण्याच्या कंपनीने डीलर लोकांना थायलंडची पाच दिवसांची टूर दिली. सासरे माळकरी, मुक्ताईची वारी करणारे, त्यामुळे यजमान गावात थेंबाला शिवत नाहीत. टूरवर मात्र रोज घेतात. परतल्यावर बॅगेत गांजाच्या पानाचं चित्र असलेलं जेलीच्या गोळ्यांचं पाकीट निघालं. 'कोणी मित्राने टाकलं असेल, तिथं ते चालतं,' एवढंच ते म्हणाले. शुगरच्या दहा गोळ्या नेल्या होत्या, त्यातल्या आठ तशाच परत आल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा टूर आहे. ताईंनी पासपोर्ट दादर ज्वारीच्या कोठीत लपवलाय आणि विचारतात, 'सासऱ्यांना सांगू का?'

ताई, सासऱ्यांना आत्ताच नका सांगू. यजमानांचं लपवणं सगळं त्यांच्याच धाकापोटी आहे. तो धाक वाढवलात तर ते पिणं सोडणार नाहीत, आणखी लपवतील.

तुमच्या पत्रात पाकिटाविषयी दोन पानं आहेत आणि त्या आठ गोळ्यांवर एकच ओळ. माझा जीव त्या ओळीत अडकला. 'दारूबरोबर गोळी नको' असं कुणीतरी सांगतं आणि माणूस दारू ठेवून गोळी बंद करतो. पाच दिवस शुगर मोकाट. या वेळी उलट केलं, गोळीही घेतली आणि प्यायलेही, तरी धोका आहेच. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल किंवा इन्सुलिन असेल तर दारूने शुगर एकदम खाली येऊ शकते, कारण लिव्हर रक्तात साखर सोडतं ते काम दारू अडवते. रिकाम्या पोटी जास्तच. पिताना काही जाणवेलच असं नाही, कित्येक तासांनीही होतं, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस अडखळतो, असंबद्ध बोलतो. आता विचार करा, बघणाऱ्याला काय वाटेल? चढलीय. पांघरूण घालतील, दिवा मालवतील आणि निघून जातील. माझ्या चुलतभावाचं असंच झालं होतं, परदेशात नाही, भुसावळला लग्नाच्या आदल्या रात्री. वऱ्हाडातल्या एका नर्सबाईंनी कपाळाचा गार घाम बघितला म्हणून तो वाचला.

म्हणून टूरआधी डॉक्टरांकडे दोघं जा आणि पिण्याचं खरं सांगा. डॉक्टर नको म्हणाले तर नकोच. आणि खोलीत सोबत झोपणाऱ्या माणसाला शुगरचं माहीत असलंच पाहिजे. तुम्ही लिहिलंत ते सावद्याचे भाऊ टूरवर नेहमी बरोबर असतात ना? यजमानांनी स्वतः त्यांना सांगावं, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी. शुद्धीत असतील तर ग्लुकोज द्यायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना. यजमान सांगत नसतील तर त्या भाऊंना तुम्ही फोन करा. त्यात घराची अब्रू जात नाही.

आता पाकीट. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला हे खरं, पण जून २०२५ पासून तो पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणला. तिथं काही का असेना, आपल्या विमानतळावर त्याचा उपयोग शून्य. शिरपूर तालुक्यात पिकाआड लावलेला गांजा पोलीस उपटतात तेव्हा बातमीत जो कायदा येतो, तोच १९८५ चा अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा इथंही लागतो. माल थोडा असला तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. 'मित्राने टाकलं' हे पटवून देण्याचं ओझंही ज्याची बॅग त्याच्यावर येतं. येताना आपली बॅग आपण भरायची, आपणच कुलूप लावायचं. कुणाची 'एवढी पिशवी ने रे' घ्यायची नाही, सख्ख्या मित्राचीही नाही.

पाकीट साड्यांखाली ठेवलंय असं लिहिलंत. घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे, ताई! त्याला ती जेलीची चॉकलेटंच वाटतील. आज रात्री यजमानांच्या हातूनच ते नष्ट करवा.

तिथं स्वस्तातली सुटी दारू, बादलीतलं मिश्रण, यांना हातही लावू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग व्हियांगला मिथेनॉल हे विष मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटक गेले.

हे सगळं भांडणात बोलू नका. जेवण झाल्यावर, मुलगा झोपला की त्या आठ गोळ्यांची पट्टी समोर ठेवा आणि विचारा, 'तुम्हाला तिथं काही झालं असतं तर मला कोणी कळवलं असतं?' मग गप्प बसा, त्यांना बोलू द्या.

पासपोर्ट मात्र त्याआधी कोठीतून काढून जागेवर ठेवा. नाहीतर त्यांचा सगळा राग पासपोर्टवर निघेल आणि गोळ्यांचं बोलणं राहूनच जाईल.