लिव्हर टॉनिक देऊ का डॉक्टर?

गटारी झाली, श्रावण लागला आणि यावेळची तुमच्या जनावरांबद्दलची बहुतेक पत्रं लिव्हर नाहीतर पॅनक्रियाजचीच (स्वादुपिंडाचीच) निघाली. सगळी छापणं शक्य नाही, त्यातली काही घेतोय.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आमचा लॅब्रॅडोर ब्रुनो ७ वर्षांचा आहे, वजन जरा जास्तच आहे. गटारीला घरी मटण होतं, सासऱ्यांनी चरबीचे तुकडे आणि रश्श्यावरचा तवंग भातात कालवून दिला. दुसऱ्या दिवसापासून उलट्या, खाणं बंद, आणि पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करून उभा राहतो. पॅनक्रियाटायटिस (पॅनक्रियाजला सूज) सांगितलाय, सलाइन चालू आहे. सासूबाई म्हणतात आठवडाभर लंघन घडवा, पोट आपोआप जागेवर येईल. काय करू? — एक वाचक, कोथरूड

ताई, आधी त्या उभं राहण्याबद्दल. लोक त्याचे रील काढतात, आमचा बाळ नमस्कार करतोय म्हणून. खेळायला बोलावतानाही कुत्रा तसंच वाकतो हे खरं, पण तेव्हा शेपटी हलत असते आणि पुढच्या क्षणी तो उडी मारून पळतो. उलट्या चालू असताना गप्प राहून परत परत तसं वाकतोय म्हणजे पोटात दुखतंय, आणि चांगलंच दुखतंय. पॅनक्रियाजचे पाचक रस आतड्यात पोचल्यावर कामाला लागायचे असतात, या आजारात ते जागेवरच चालू होतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते. त्यामुळे सलाइनइतकंच वेदना कमी करणारं इंजेक्शन महत्त्वाचं आहे, ते चालू आहे का हे डॉक्टरांना सरळ विचारा, त्यात उद्धटपणा काही नाही. घरातली आयबुप्रोफेनची गोळी मात्र अजिबात देऊ नका, कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि किडनी जाते.

साध्या रक्ततपासणीतल्या अमायलेज-लायपेज या पाचक रसांच्या आकड्यांवर फार विसंबू नका, दुसऱ्या कारणांनीही ते वाढतात आणि कधी आजार असून नॉर्मल येतात. खास कुत्र्यांच्या पॅनक्रियाजचा लायपेज तपासणारी किट असते, क्लिनिकातच दहाएक मिनिटांत कळतं, सोबत सोनोग्राफी करून घ्या.

आता लंघन. सासूबाई चुकीचं ऐकून बोलत नाहीयेत, पूर्वी आम्ही डॉक्टर लोकही हेच सांगायचो, पॅनक्रियाजला विश्रांती द्या, तोंडाने काही देऊ नका. आता तसं करत नाहीत, कारण उपाशी आतड्याचं अस्तर कमजोर होतं आणि पेशंट उलट जास्त दिवस रेंगाळतो. उलटी थांबवायचं औषध द्यायचं, उलटी आटोक्यात आली की लगेच थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, चरबी नसलेलं खाणं सुरू करायचं. मऊ भात आणि कातडी काढलेलं उकडलेलं चिकन ब्रेस्ट चालेल. तूप नाही, अंड्याचा पिवळा बलक नाही, साय नाही, ओलं खोबरं नाही, आणि "एवढंसं दिलं तर काय होतंय" हे तर नाहीच नाही. बरं झाल्यावरही हे पथ्य राहणार, कारण हा आजार एकदा झाला की पुन्हा डोकं वर काढतो. पुढे कधी पाणी खूप प्यायला लागला, लघवी वाढली, खाऊनही वजन उतरलं तर शुगर तपासा, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीही याच ग्रंथीत असतात. आणि सासरेबुवांना दिवाळीच्या आधी पुन्हा एकदा आठवण करा, चकली आणि शेव पण तळलेलीच असते.

प्रश्न : आमची पर्शियन मांजर चांगली गुबगुबीत होती. आम्ही कोकणात गेलो तेव्हा तिला शेजाऱ्यांकडे ठेवलं, तिथे तिने अन्नाला तोंड लावलं नाही. परत आल्यालाही तीन दिवस झाले, फक्त पाणी पिते, झोपून असते. रुसली असेल असं वाटतं. लिव्हर टॉनिक मिळतं ते देऊन बघू का? — सिंहगड रोड

टॉनिक राहू दे, आजच्या आज क्लिनिकात न्या. हे पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला फोन करून हेच सांगितलं होतं, इथे छापतोय ते बाकीच्यांसाठी.

मांजर रुसत नाही असं मी म्हणणार नाही, पण लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवली नाही की रुसवा बाजूला राहतो आणि वेगळंच प्रकरण सुरू होतं. उपाशी शरीर साठवलेली चरबी मोडून लिव्हरकडे पाठवतं, मांजरीच्या लिव्हरला एवढी चरबी झेपत नाही, ती पेशींमध्ये साचत जाते आणि लिव्हर काम थांबवतं. मग मळमळ, मग अजून खाणं नको, असं चक्र. घरी बघायचं तर तिला खिडकीपाशी दिवसाउजेडी घ्या, ट्यूबलाइटखाली पिवळेपणा नीट कळत नाही. कानाची आतली बाजू जिथे केस विरळ असतात तिथे बघा, ओठ वर करून हिरडी बघा, डोळ्याचा पांढरा भाग बघा. पिवळी झाक दिसली म्हणजे कावीळ. दिसली नाही म्हणजे सगळं ठीक असं मात्र समजू नका.

यावर मुख्य औषध अन्न हेच आहे. भूक वाढवायच्या गोळ्या असतात पण आजार पुढे गेला असेल तर मानेतून अन्ननलिकेत बारीक ट्यूब घालावी लागते, आणि इथेच लोक घाबरून उठून जातात. दिसायला भयंकर वाटतं पण मांजरीला त्याचा फारसा त्रास होत नाही, गळ्याला पट्टी बांधून घरी येते, काही आठवडे त्यातून पातळ खाणं द्यायचं, सुरुवातीला अगदी कमी मग हळूहळू वाढवत. वेळेत ट्यूब घातलेल्या बऱ्याच मांजरी वाचतात. सिरिंजने तोंडात जबरदस्तीने कोंबू नका, ठसका लागून फुफ्फुसात जातं आणि त्या खाण्याचा वासही तिला नकोसा होतो. दहीभातावरही भागणार नाही, मांजरीला मांसातलं प्रोटीन लागतंच.

आणि खाणं मुळात का सुटलं तेही शोधावं लागेल. जागा बदलली हे कारण असू शकतं, पण मांजरीत पित्ताची नळी आणि पॅनक्रियाजची नळी एकत्र येऊन आतड्यात उघडतात, त्यामुळे लिव्हर, पॅनक्रियाज आणि आतडं तिन्ही एकदम सुजलेली असणं नवीन नाही. सोनोग्राफी टाळू नका.

प्रश्न : ताप असेल तर पॅरासिटामॉल किती द्यावी? — हडपसर

मांजरीला शून्य. माणसांची एक ५०० एमजीची गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड सुजतं. चुकून गेली असेल तर वाट न बघता पळा, उतारा आहे पण तो लवकर द्यावा लागतो. कुत्र्यालाही जास्त झाली की लिव्हरवर जाते, तेव्हा स्वतःच्या मनाने नाहीच. त्यात पावसाळ्यात कुत्र्याला ताप आला, डोळे पिवळे, लघवी गडद असेल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) किंवा गोचिडताप डोक्यात यायला हवा. पार्किंगमध्ये उंदीर-घुशी असतात, त्यांच्या लघवीने खराब झालेल्या डबक्यातून लेप्टो येतो आणि तो माणसांनाही होतो, म्हणून अशा कुत्र्याची लघवी ग्लोव्हज घालूनच पुसा. लेप्टोची लस वर्षाला द्यायची असते, बरेच जण पिल्लूपणी देऊन विसरतात.

प्रश्न : आमच्या ११ वर्षांच्या पॉमेरेनियनचा एएलपी खूप वाढलाय, लिव्हर गेलं का? खाज सुटते म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. — नारायण पेठ

बहुतेक उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. एएलपी म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीतला एक आकडा, स्टेरॉइडने कुत्र्यांचा तो वाढतोच. एक आकडा लाल अक्षरात आला म्हणून लिव्हर जात नाही, एएलटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन असे त्याच तपासणीतले बाकीचे आकडे सगळं मिळून बघायचं असतं. गोळ्या मनाने एकदम बंद करू नका, त्या हळूहळू कमी करतात.

प्रश्न : आमचं गाव मुळशीकडे, म्हशी धरणाच्या काठाला चरतात. एका म्हशीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबतेय, शेण पातळ, दूध आटलंय. दुकानातून जंताचं इंजेक्शन आणून दिलं, फरक नाही.

दादा, आधी त्या सुजेला हात लावून बघा. गरम, कडक, दुखरी असेल, ताप आणि घरघर असेल तर घटसर्प (जनावरांचा जीवघेणा संसर्ग), त्यात तास मोजावे लागतात, डॉक्टरांना लगेच बोलवा. थंड आणि मऊ असेल, बोटाने दाबल्यावर खड्डा राहत असेल, दिवसभर मान खाली घालून चरल्यावर संध्याकाळी वाढत असेल तर मला लिव्हर फ्लूक वाटतो, म्हणजे लिव्हरमध्ये राहणारा पानासारखा चपटा जंत. त्याची पिल्लं पाणथळ जागेतल्या गोगलगायीत वाढतात, मग काठाच्या गवताला चिकटतात आणि चरताना पोटात जातात. तो लिव्हर खातो, रक्त पितो, रक्तातलं प्रोटीन उतरतं आणि पाणी जबड्याखाली साचतं.

दुकानातलं इंजेक्शन आयव्हरमेक्टिन असेल तर ते फ्लूकला चालत नाही. ऑक्सिक्लोझनाइड मोठे जंत मारतं, ट्रायक्लाबेंडाझोल लहानही मारतं, पण म्हैस गाभण आहे का, दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, हे ठरवून डॉक्टरांनीच द्यायला हवं. शेण तपासून घ्या, मात्र लागण नवीन असेल तर अंडी शेणात दिसायला तीनेक महिने लागतात, रिपोर्ट निल आला तरी लक्षणं सांगा. बाकीच्या म्हशींचंही शेण द्या, एकाच काठाला चरतात ना सगळ्या. दवाखाना लांब असेल तर १९६२ वर फोन केला की फिरतं पथक येतं.