लिफ्ट १ लाख ६५ हजारांची नाही

कोल्हापूरहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ६१. एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या टूलरूममध्ये ३४ वर्षं काढून सव्वा वर्षापूर्वी निवृत्त झाले. नागाळा पार्क भागात वडिलांनी बांधलेला बंगला, शेजारी १२ बाय २० फुटांचं गॅरेज. त्यात वडिलांची १९६८ ची फियाट ११०० डिलाइट उभी आहे, आणि अंगणात ताडपत्रीखाली मागच्या वर्षी घेतलेली १९८१ ची प्रीमिअर पद्मिनी. दोन्ही गाड्या स्वतःच्या हातांनी उभ्या करायच्या, म्हणून गॅरेजचं पूर्ण वर्कशॉप करायचं आहे. खर्चाचा अंदाज ९ लाख. पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतून काढायचे आणि पुढे ओळखीच्यांच्या जुन्या गाड्यांची कामं घेऊन, फियाट चित्रनगरीत शूटिंगला भाड्याने देऊन भरून काढायचे. "तुमच्या वहिनींना पटत नाही, तुम्ही सांगा," असं शेवटी बायकोबद्दल लिहिलं आहे.

नमस्कार. आधी हे सांगते की तुमची इच्छा मला मनापासून आवडली. स्टिअरिंगवरचा गिअर टाकायला वडिलांनी आठवीत असताना शिकवलं, हे तुम्ही लिहिलंय, ते वाचून मी कागद बाजूला ठेवला होता. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात ज्यांनी आयुष्यभर काम केलं, त्यांनी निवृत्तीनंतर नुसतं पेपर वाचत बसावं असं मी म्हणणार नाही. तुमच्याकडे या छंदासाठी पैसे आहेत. फक्त ते ज्या खात्यातून काढताय ते चुकीचं आहे, आणि ज्या वस्तूवर सर्वात जास्त घालताय ती वस्तूही चुकीची आहे.

खात्याचं आधी बघू. तुमच्या ज्येष्ठ नागरिक खात्यात ३० लाख आहेत, ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० येतात, म्हणजे महिन्याला २०,५००. बँकेतल्या २० लाखांच्या ठेवींचे साधारण ११,७००. पीएफची पेन्शन ३,४००. एकूण ३५,६००. घरखर्च तुम्ही ३१,००० लिहिलाय. म्हणजे महिन्याला ४,६०० शिल्लक.

तुमची समजूत अशी दिसते की ३० लाखांतले ९ लाख काढले की बाकीचे २१ तसेच राहतील. तसं होत नाही. या योजनेत खात्यातून थोडे थोडे पैसे काढता येत नाहीत, मुदतीआधी पैसे हवे असतील तर खातं बंद करावं लागतं. तुम्ही ३० लाखांचं एकच खातं उघडलंय. एक वर्ष पूर्ण झालंय पण दोन नाही, त्यामुळे मूळ रकमेच्या दीड टक्का कपात होणार, म्हणजे ४५,००० रुपये. उरलेले पुन्हा गुंतवाल, पण त्या दिवशी जो दर असेल त्याने. दर आजचाच धरला तरी ९ लाखांचं व्याज गेलं, वर्षाचे ७३,८००, महिन्याचे ६,१५०. आज जिथे ४,६०० उरतात तिथे १,५५० कमी पडतील. आणि वहिनींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन डॉक्टरांनी सुचवलंय, ते अजून व्हायचंय. वहिनींना पटत नाही याचं कारण हेच असेल, आणि ते बरोबर आहे. ते खातं तुमच्या दोघांचा दर महिन्याचा पगार आहे. त्याला हात लावू नका.

आता तुमचं अंदाजपत्रक. मी ते दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा एक गोष्ट नजरेतून सुटली होती. त्यात टू-पोस्ट लिफ्ट, म्हणजे दोन खांबांमध्ये गाडी वर उचलणारं यंत्र, १ लाख ६५ हजारांना लिहिली आहे आणि बाकीच्या गोष्टी वेगवेगळ्या ओळींवर. पण गॅरेजची उंची तुम्ही ९ फूट ३ इंच दिली आहे. फियाट साधारण ४ फूट १० इंच उंच. तिच्याखाली तुम्हाला ताठ उभं राहून काम करायचं तर चाकं पावणेसहा फुटांवर जायला हवीत, म्हणजे गाडीचं छत १० फूट ७ इंचांवर. स्लॅब आड येतो. म्हणून तुम्ही स्लॅब काढून १३ फुटांवर पत्र्याचं छत धरलंय, २ लाख ६० हजार. लिफ्टचे खांब बोल्टने धरायचे म्हणून जुनी जमीन उखडून सळईचं काँक्रीट, १ लाख २० हजार. लिफ्टच्या मोटरसाठी थ्री-फेज वीजजोडणी, ४५,०००. या चार ओळी एकाच लिफ्टच्या आहेत. बेरीज केली तर ती लिफ्ट ५ लाख ९० हजारांना पडते, ९ लाखांतला जवळजवळ दोन तृतीयांश पैसा. तोही दोन गाड्यांसाठी.

या ५.९० लाखांतले परत किती येतील? लिफ्ट उद्या विकलीत तर कुणीतरी निम्मी किंमत देईल. छत आणि जमीन कुणी विकत घेत नाही. माझ्या मामांनी इचलकरंजीत लाकूडकामासाठी मागच्या अंगणात मोठी शेड बांधली होती. मामा गेल्यावर रंधा आणि करवतयंत्र आठवड्यात विकलं गेलं, चांगल्या भावात. शेडमध्ये आता पाण्याच्या टाक्या आणि जुन्या गाद्या आहेत. तेव्हापासून कुणी छंदासाठी पैसे घालतो म्हणालं की मी आधी विचारते, यातलं उचलून नेता येईल असं किती? तुमच्या यादीत पाने, सॉकेट, टॉर्क रेंच, वेल्डिंग मशीन, कॉम्प्रेसर या उचलून नेण्याच्या वस्तू आहेत. त्यांच्यावर खर्च करताना हात आखडू नका.

रंगाचा कोपरा, एक्झॉस्ट फॅनसकट ९५,००० चा, तोही खोडते. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगातले आयसोसायनेट नावाचे रासायनिक घटक फुप्फुसांना घातक असतात, साधा मास्क पुरत नाही, आणि तुमच्या गॅरेजची खिडकी स्वयंपाकघरासमोर उघडते असं तुम्हीच लिहिलंय. पत्रा घरी करा, रंग बाहेर द्या. इंजिनचं बोअरिंग-होनिंग आणि क्रँक ग्राइंडिंग, म्हणजे आतल्या भागांची यंत्रावरची घासणी, यांचं तर तुम्हाला मी सांगायला नको, शिवाजी उद्यमनगर तुमच्यापासून सायकलच्या अंतरावर आहे. ज्या गावात हे काम हातोहात होतं तिथे घरात यंत्र उभं करायची गरजच नाही.

माझ्या हिशेबाने पहिल्या वर्षी २ लाखांत तुमचं काम सुरू होतं. जमिनीची डागडुजी २५,०००. वायरिंग, स्वतंत्र डीबी (वीज वाटपाचा बॉक्स), आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि भरपूर उजेड ४०,०००. टेबल आणि चांगला व्हाइस २२,०००. ट्रॉली जॅक आणि उचललेली गाडी टेकवायच्या चार घोड्या १८,०००. इंजिन उचलायला घडीची क्रेन २८,०००. हत्यारं ६०,०००. दोन अग्निशामक सिलिंडर ७,०००. कॉम्प्रेसर आणि मिग वेल्डिंग पुढच्या वर्षी, फियाटचा फ्लोअर उघडा पडून नेमका किती पत्रा कुजलाय ते कळल्यावर. पाठीवर झोपून काम करणं दोन वर्षांत खरंच झेपेनासं झालं तर सिझर लिफ्टचा विचार करा. ती गाडी सव्वातीन फूट उचलते, स्लॅबखाली बसते, आणि तुम्ही खाली स्टुलावर बसून काम करू शकता.

जमिनीत खड्डा घ्यावा का, असं शेवटी पेन्सिलने विचारलंय. नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साठते आणि एका ठिणगीला पुरते. शिवाय २०१९ ला पंचगंगेचं पाणी तुमच्या पायरीपर्यंत आलं होतं, २०२१ ला फाटकापर्यंत. जून ते सप्टेंबर तो खड्डा विहीर होईल. त्याच कारणाने सगळे प्लग पॉइंट जमिनीपासून चार फुटांवर घ्या, आणि पुराच्या वेळी दोन्ही गाड्या कुणाच्या दारात नेऊन लावायच्या ते आत्ताच ठरवून ठेवा. न चालणारी गाडी रात्री बारा वाजता ढकलत नेता येत नाही.

हे २ लाख म्युच्युअल फंडातल्या १२ लाखांतून काढा. त्यात साधारण ५ लाख नफा आहे. इक्विटी फंडात वर्षभरापेक्षा जुन्या युनिट्सवरचा १ लाख २५ हजारांपर्यंतचा नफा एका आर्थिक वर्षात करमुक्त असतो. सरासरीने २ लाखांत ८३ हजारांचा नफा येतो, पण विकताना सर्वात जुनी युनिट्स आधी जातात आणि त्यांच्यात नफा जास्त असतो. म्हणून फंडाचा उतारा काढून आकडा बघा. मर्यादा ओलांडत असेल तर निम्मे मार्चमध्ये आणि निम्मे एप्रिलमध्ये काढा. बँकेतल्या ठेवींपैकी ५ लाख गुडघ्यांच्या नावाने वेगळे ठेवा, विमा असला तरी.

कमाईच्या बेताबद्दल मला काळजी वाटते. फियाट ५० वर्षांच्या पुढची आहे, त्यामुळे २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,०००, पुढे पुन्हा नोंदणीचं ५,०००, प्रमाणपत्र दहा वर्षांचं. पण तशी नोंद केलीत की गाडी रोज किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा कामांसाठीच बाहेर काढायची. म्हणजे चित्रनगरीचं भाडं आणि व्हिंटेजची पाटी यांतलं एकच मिळेल. इंजिन, चासी किंवा बॉडी मुळातून बदललीत तर व्हिंटेजचा हक्कच जातो, तेव्हा डिझेल इंजिन बसवा असं मित्र म्हणत असतील तर ऐकू नका. पद्मिनी १९८१ ची, तिला अजून वेळ आहे.

पैसे घेऊन दुसऱ्यांच्या गाड्या घ्यायच्या तर घरगुती वीज चालेलच असं नाही. तपासणीत अनधिकृत वापर ठरला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. ते उत्पन्न व्यवसायाचं म्हणून विवरणपत्रात दाखवावं लागतं. आणि दुसऱ्याची गाडी तुमच्या घोडीवरून घसरली तर घराचा विमा हात वर करेल. पहिली दोन वर्षं फक्त स्वतःच्या गाड्या करा. त्यानंतरही लोक दारात येत असतील तर उद्यमनगरात भाड्याचा गाळा बघा, घराला त्यात ओढू नका. स्वतः वापरलेली एखादी गाडी पुढे विकलीत तर त्या नफ्यावर भांडवली कर नाही, कारण वैयक्तिक वापराची गाडी भांडवली मालमत्तेत धरत नाहीत. मात्र घ्यायची, दुरुस्त करायची, विकायची हे वारंवार केलंत तर तो धंदाच.

विम्याचं एक काम या आठवड्यात करा. फियाटला आज फक्त थर्ड पार्टी आहे. पाच वर्षांपेक्षा जुन्या किंवा बंद झालेल्या मॉडेलची विमा किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. फोटो, खर्चाच्या पावत्या आणि एखाद्या सर्व्हेअरचा मूल्यांकन अहवाल घेऊन जा, आणि स्वतःच्या नुकसानीचं, पुरासकट, संरक्षण मागा. एक कंपनी नाही म्हणाली तर दुसरीकडे जा.

लिफ्टवाल्याला महिनाअखेर ५० टक्के आगाऊ द्यायचे ठरलंय, असं लिहिलंय. ते देऊ नका. बुकिंगचे १०,००० दिलेत, ते परत मागा, नाही मिळाले तर सोडून द्या. आणि पहिल्या रविवारी वहिनींना बरोबर घेऊन फियाटचे सीट बाहेर काढा, गालिचा उचला आणि स्क्रू ड्रायव्हरने फ्लोअर ठोकून बघा. कुठे टणटण वाजतो आणि कुठे आत घुसतो ते खडूने आखा, फोटो काढा आणि मला पाठवा. पुढच्या वर्षीचा आकडा त्यावर ठरवू.