‘एवढंच’ आयुष्य असलेली आजी

“ताई, आजी जाऊन महिना होत आला. तिच्यासाठी घरचे सगळे जमणार आहेत आणि बोलायचं मी, असं ठरलंय, कारण मी तिची लाडकी. आजोबांची शेती, घर, गुरं आणि आम्ही नातवंडं, एवढंच तिचं आयुष्य. कागद घेऊन बसते, पण ‘प्रेमळ’ आणि ‘कष्टाळू’च्या पुढे गाडी सरकत नाही. आजोबांना विचारलं तर ‘चांगली होती’ म्हणून गप्प झाले. आई म्हणाली, ‘तुला दिसली तशी लिही, मला विचारू नकोस.’ दोघींचं कधी पटलं नाही. त्यात शेवटी शेवटी आजीचा फोन आला की मी ‘नंतर करते’ म्हणून ठेवून द्यायचे. मनात हे सगळं असताना गोड गोड कसं बोलू?
– लाडकी नात”

लाडके,

आधी तुझ्या एका शब्दाशी भांडू दे. ‘एवढंच.’ तो काही तुझ्या एकटीचा नाही, जगाची जुनी सवय आहे. देशाचं उत्पन्न मोजण्याचे आंतरराष्ट्रीय नियम असतात. १९९३ सालच्या नियमांनुसार, घरी खाण्यासाठी पिकवलेलं धान्य, घरच्यापुरतं काढलेलं दूध, लांबून वाहून आणलेलं पाणी हे सगळं ‘उत्पादन’. पण त्याच धान्याचा स्वयंपाक, पोरांना वाढवणं, आजाऱ्याची उस्तवार हे हिशोबाबाहेर. म्हणजे आजी गोठ्यात असेपर्यंत तिचं काम मोजायचं, आणि दुधाची चरवी घेऊन उंबरठा ओलांडला की नाही! प्रत्यक्षात गोठ्यातलं कामही पुष्कळदा मोजायचं राहूनच जातं, ते वेगळंच. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे शेतकरी महिलांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय, ते काही उगाच नाही. तेव्हा बोलायला उभी राहिलीस की तिला ‘शेतकऱ्याची बायको’ म्हणू नकोस. शेतकरी म्हण. कुणी दचकलं तर दचकू दे.

आता आजोबा. इतकी वर्षं सोबत काढलेल्या माणसाला ‘ती कशी होती’ असं विचारलं, तर तो दुसरं काय सांगणार? प्रश्न बदल. ‘आजी गेल्यापासून काय काय अडतं?’ असं विचार. आणि विचारताना समोर बसू नकोस. ते काही काम करत असतील तर शेजारी बसून हात लाव. पुढच्या पेरणीचं बी कोणत्या कणसांतून राखायचं हे कोण ठरवायचं? गाय आज रात्री विणार हे कुणाला आधी कळायचं? उसनवारीचा हिशोब कुणाच्या डोक्यात होता? ओढगस्तीच्या वर्षी आधी काय विकायचं आणि काय काही झालं तरी विकायचं नाही, हा शब्द कुणाचा होता? यातल्या दोन प्रश्नांना जरी ‘तीच’ असं उत्तर आलं, तरी तुझे ते दोन्ही शब्द तू आपणहून खोडशील.

आणखी एक. तुझी आजी तुझ्या जन्मापासून सुरू होते, कारण तू तेव्हापासून बघतेस. त्याआधी ती कुणाची तरी सून होती, खुरपणीला जाताना तान्ह्या पोराला बांधाच्या सावलीत ठेवणारी आई होती. मांडीवर घेऊन गोष्ट सांगायला तिला सवड मिळाली ती तुमच्या वेळी. बऱ्याच आज्यांचं असंच होतं. त्या मऊ होतात तेव्हा त्यांची मुलं मोठी झालेली असतात, आणि सुनांनी त्यांचा खडबडीत काळ पाहिलेला असतो.

म्हणून तुझ्या आईचं वाक्य मला राग म्हणून ऐकू येत नाही. तिला जी मिळाली ती सासू आणि तुला मिळाली ती आजी, बाई एकच. भाषणासाठी तिला खोदून विचारू नकोस. नंतर, कार्यक्रम उरकल्यावर, नुसती तिच्याजवळ बस. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल. मात्र ‘आजीनं सुनेला लेकीसारखं वागवलं’ असं वाक्य चुकूनही घालू नकोस. आई त्याच खोलीत बसलेली असेल. ‘आजी कडक होती, तिचा धाक होता, आणि तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला नाही’ एवढं म्हण. ज्याला कळायचं त्याला कळेल. उखाळ्यापाखाळ्यांची ती जागा नाही, पण खोटं बोलण्याचीही नाही.

राहिला तो फोन. त्याची माफी भरल्या घरात मागू नकोस. तसं केलंस तर सगळे तुझी समजूत काढत बसतील, आणि दिवस तर आजीचा आहे. त्यापेक्षा त्या अर्ध्या मिनिटात ती काय विचारायची ते आठव. आज्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो. जेवलीस का, कधी येतेस, तिकडे पाऊस आहे का, असा काहीतरी. तुझ्या आजीचा जो असेल तो तिच्याच बोलीत, तिच्याच हेलात सांग. सुरुवात तिथूनच कर.

लिहून झालं की कागद एकदा आईच्या हातात दे. तिनं एखादी ओळ खोडली तर का म्हणून विचारू नकोस. आणि तिनं एखादी ओळ भरली, तर ती तिच्याच शब्दांत वाच.

– ताई